टिंबामागचं घर : टाइमशिफ्ट वापरताना

माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर बटणांची पट्टी डावीकडे असते. खाली नाही, वर नाही, डावीकडे. ही लहर नव्हे. २०१३ साली घेतलेल्या या मशीनचा पडदा १३६६ बाय ७६८ चा आहे, म्हणजे आडवा ऐसपैस आणि उभा तोकडा. पुस्तकाचं पान उभं असतं. प्रुफं तपासणाऱ्या माणसाला पानाच्या शेवटच्या दोन ओळी पट्टीनं खाल्लेल्या परवडत नाहीत. म्हणून घड्याळ, फोल्डरं, भाषा बदलायचं बटण असं सगळं मी डाव्या कडेला उभं लावून घेतलं आहे. ही मांडामांड एका संध्याकाळी गेली, आणि ती परत आणताना, मशीनची यंत्रणा मागच्या तारखेला नेणाऱ्या टाइमशिफ्ट नावाच्या प्रोग्रॅमशी माझी खरी ओळख झाली. त्याच्याबद्दल लिहिते आहे. फुकट मिळतो, तेव्हा पैसे वसूल झाले का हा प्रश्नच नाही. वेळ वसूल झाला का, तेवढं सांगता येईल.

मी साताऱ्यात राहते, मुद्रितशोधन करते. पहिली पंधरा-सोळा वर्षं कागदावर लाल शाईनं केलं, नंतरची पडद्यावर. मशीन धापा टाकायला लागलं तेव्हा पुण्याच्या भाच्यानं त्यावर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही फुकट संगणकप्रणाली घालून दिली, एक्सएफसीई नावाच्या हलक्या डेस्कटॉपसकट. चार जीबी रॅमवर ते आजही बिनतक्रार चालतं. आमच्या घरात एवढ्या कमी खाण्यात एवढं काम करणारं दुसरं कोणी नाही.

मिंटच्या आवृत्त्यांना बायकांची नावं असतात आणि ती ‘आ’नं संपतात. २००६ साली पहिली आली ती एडा. माझ्याकडे होती २१.३, व्हर्जिनिया. जुलै २०२४ मध्ये २२ आली, ती विल्मा. व्हर्जिनियाला सुधारणा मिळत राहायची मुदत एप्रिल २०२७ पर्यंत होती, म्हणजे घाई काडीची नव्हती. तरी ऑगस्ट संपता संपता, दिवाळी अंकांची प्रुफं मानगुटीवर बसलेली असताना, मला विल्मा हवीशी झाली. पितृपक्ष लागायच्या आत उरकून टाकू, असा हिशोब. मुहूर्त पाहणाऱ्याला दिवाळी अंकाची डेडलाइन दिसू नये, यातच सगळं आलं.

अपग्रेडचं जे साधन मिंट देतं ते टाइमशिफ्टचा एक स्नॅपशॉट घेतल्याशिवाय पुढं सरकू देत नाही. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणीच्या सगळ्या यंत्रणेची प्रत. घेतला. मग त्या साधनानं मिंटच्या भांडारातून न आलेल्या परक्या पॅकेजांची यादी दाखवली आणि ही काढावी लागतील म्हणालं. मी यादी वाचली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अनुक्रमणिका तपासणाऱ्या बाईनं ‘पुढे’ दाबलं.

त्या यादीत माझ्या पट्टीवरचं एक प्लगिन होतं. उघड्या खिडक्यांची चित्रं एकत्र ठेवणारं, भाच्यानं कुठल्या तरी बाहेरच्या ठिकाणाहून आणून बसवलेलं. ते गेलं. पण पट्टीला ते हवं होतं, कारण तिच्या नोंदीत त्याचं नाव तसंच होतं. विल्मा उघडली आणि पहिलाच प्रश्न आला: अमुक प्लगिन अनपेक्षितपणे पॅनल सोडून गेलं, परत चालू करू का? हो म्हटलं. पुन्हा तोच प्रश्न. नाही म्हटलं, तर पट्टीत ढळढळीत रिकामी जागा. लॉगआउट करून आले की पुन्हा प्रश्न. लग्नाच्या पंगतीत ‘जिलबी घ्या’ म्हणणारा माणूस तरी तिसऱ्यांदा नाही म्हटल्यावर पुढं जातो.

भाच्याला फोन केला. तो मेट्रोत होता. तुटक तुटक ऐकू आलं ते असं: “मावशी, कंट्रोल-एच दाब... कॉन्फिगमधलं... फोल्डरचं नाव बदल... पुसू नकोस, नाव बदल... नवं आपोआप तयार होतं.” मधला शब्द होता ‘एक्सएफसीई’, तो बोगद्यात राहिला. मी कॉन्फिग नावाच्या अख्ख्या फोल्डरचंच नाव बदललं. पुढं ‘जुना’ जोडलं आणि मशीन बंद करून चालू केलं.

समोर आलं ते कोणाचं तरी दुसऱ्याचं मशीन होतं. पट्टी खाली. भिंतीवर मिंटचं चिन्ह. डेस्कटॉपवर मी डावीकडून उजवीकडे पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, अंतिम अशा रांगा लावते, ती सगळी चित्रं एका कोपऱ्यात गोळा झालेली. मराठी कळफलक गायब. आणि मी जिच्यात मजकूर तपासते त्या लिब्रेऑफिसमध्ये फाइल उघडली तर एकही लाल नागमोडी रेघ नाही. ज्यांनी कधी मराठी मजकूर तपासला आहे त्यांना कळेल, याच्याइतकं भीतिदायक दृश्य नाही. शब्दतपासणीचं एक्स्टेंशनच गेलं होतं. माझा वैयक्तिक शब्दकोश, ज्यात गावांची, आडनावांची, पिकांची, भांड्यांची नावं मी वर्षानुवर्षं एकेक करून घातली होती, तोही गेला. ‘तज्ञ’चं ‘तज्ज्ञ’, ‘महत्व’चं ‘महत्त्व’, ‘आशिर्वाद’चं ‘आशीर्वाद’ टंकता टंकता करून देणारी यादीही गेली.

आता टाइमशिफ्ट. माझ्याकडे अपग्रेडच्या आधीचा स्नॅपशॉट होता. म्हटलं, काळजी कशाला. उघडलं, त्या तारखेवर टिचकी मारली, ‘रीस्टोअर’ दाबलं. काय काय बदलणार ते त्यानं दाखवलं, मी मान डोलावली. काळ्या पडद्यावर ओळी धावल्या, साधारण अर्ध्या तासानं मशीन आपणहून पुन्हा सुरू झालं. व्हर्जिनिया परत आलेली! अगदी जशीच्या तशी. प्लगिनसुद्धा परत. पण पट्टी खालीच. कळफलक इंग्रजीच. लाल रेघा नाहीतच.

त्या रात्री मी टाइमशिफ्टला मनातल्या मनात बरंच बोलले. दुसऱ्या दिवशी गावातल्या एका दुकानात मशीन घेऊन गेले. तिथल्या मुलानं पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, लिनक्स आहे हो हे. फॉरमॅट मारावं लागेल.” मी पिशवी उचलली आणि घरी आले. वाटेत कंदी पेढे घेतले, कारण काहीतरी तर घरी न्यायला हवं होतं.

शनिवारी भाचा फोनवर निवांत सापडला. त्यानं आधी फोल्डरच्या खिडकीत पुन्हा कंट्रोल आणि एच एकत्र दाबायला सांगितलं. दाबलं, आणि माझ्याच घरात मी घाईत नीट न पाहिलेल्या पंचवीस-तीस खोल्या उघडल्या. नावाच्या आधी टिंब असलेलं फोल्डर लिनक्समध्ये दिसत नाही. असतं, पण झाकलेलं. माणसाच्या सवयी सगळ्या तिथं राहतात. पट्टी कुठं, कुठल्या कळा दाबल्या की काय व्हावं, कुठले शब्द शुद्ध मानायचे, ब्राउझरच्या खुणा, टपाल. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी मराठीतले अनुच्चारित अनुस्वार काढले तेव्हा माझे गुरुजी हळहळले होते, की न उच्चारलेलं टिंबही काहीतरी सांगत असतं. गुरुजींना हे दाखवायला हवं होतं.

त्या गर्दीत माझं ‘जुना’ फोल्डर शांत बसलेलं होतं. काहीही पुसलं गेलं नव्हतं.

आणि मग टाइमशिफ्टनं मला फसवलं नव्हतं हेही कळलं. तो प्रोग्रॅम मुळात घरच्या फोल्डरला हात लावत नाही. यंत्रणा परत मागच्या तारखेला नेतो, माणसाचं सामान जिथल्या तिथं ठेवतो. पहिल्यांदा बसवताना एका पानावर हे स्वच्छ लिहिलेलं असतं: वापरकर्त्यांची घरची फोल्डरं धरलेली नाहीत, हवी असतील तर इथं निवडा. मी तिथंही ‘पुढे’ दाबलं होतं. ‘पुढे’ या बटणाशी माझं काय नातं आहे ते तपासायला हवं.

सुरुवातीला मला हा निर्णय मूर्खपणाचा वाटला. मग आठवलं की अपग्रेडच्या दिवशी दुपारी, स्नॅपशॉट घेतल्यानंतर, मी एका कथेची चाळीस पानं तपासून ठेवली होती. रीस्टोअर केल्यावरही ती पानं जागच्या जागी होती, सगळ्या दुरुस्त्यांसकट. टाइमशिफ्टनं घरही मागं नेलं असतं तर पट्टी परत आली असती आणि चाळीस पानं गेली असती. संपादकांना मी काय सांगितलं असतं? पट्टी मात्र छान डावीकडे आहे?

जुनं फोल्डर परत जागेवर ठेवणं सोपं असेल असं वाटलं होतं. तिथंही एक गंमत झाली. मी फोल्डरच्या खिडकीतूनच नावांची अदलाबदल केली, लॉगआउट केलं, परत आले, तर पट्टी पुन्हा खाली. एक्सएफसीईमध्ये सेटिंग सांभाळणारा एक कारभारी मागं सतत चालू असतो, एक्सएफकॉन्फडी नावाचा. आपण आत असताना तो सगळं आपल्या डोक्यात धरून बसतो आणि फाइल बदलली तरी आपल्या डोक्यातलंच पुन्हा लिहून टाकतो. जुन्या कचेऱ्यांत असे कारकून असायचे. त्याला हटवायचा मार्ग म्हणजे आपण डेस्कटॉपमध्ये नसतानाच फाइली बदलायच्या. लॉगआउट करायचं, कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबायचं, काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड टंकायचा आणि तिथून नावं बदलायची. भाचा फोनवर एकेक अक्षर सांगत होता. “एम व्ही, मग स्पेस, मग डॉट.”

“टिंब म्हण.”

“टिंब कॉन्फिग, मावशी.”

मग लॉगिनच्या पडद्यावर परत आले आणि आत शिरले. डाव्या कडेला माझं घड्याळ. मराठी कळफलक. लिब्रेऑफिस उघडलं तर पानभर लाल रेघा. इतका आनंद मला अशुद्ध मजकूर बघून आयुष्यात झाला नव्हता.

दिवाळी अंक छापून गेल्यावर, नोव्हेंबरात, मी विल्मा पुन्हा आणली. या वेळी आधी ते परकं प्लगिन पट्टीवरून स्वतः उतरवलं आणि यादी वाचली. काही बिघडलं नाही.

तेव्हापासून टाइमशिफ्ट माझ्या पद्धतीनं लावलं आहे. सेटिंगमध्ये ‘यूझर्स’ नावाचा भाग आहे. तिथं प्रत्येक वापरकर्त्यापुढं तीन पर्याय असतात: घरातलं काहीच धरू नको, फक्त लपवलेलं धर, किंवा सगळं धर. मी मधला घेतला आहे. म्हणजे टिंबवाल्या फोल्डरांची प्रत निघते, प्रुफांची नाही. प्रुफं मी वेगळ्या डिस्कवर रोज रात्री हातानं उतरवते. त्या कामासाठी टाइमशिफ्ट वापरू नका. ते त्याचं काम नाही, आणि त्याला ते करायला लावलं तर एक दिवस ते इमानेइतबारे तुमचं कालचं काम परवाच्या तारखेला नेऊन ठेवेल.

मधल्या पर्यायातही एक मेख आहे. टपालाचं थंडरबर्ड आणि फायरफॉक्स हेही आपलं सामान टिंबामागेच ठेवतात. तेव्हा पूर्ण रीस्टोअर केलं तर मधल्या दिवसांत उतरवून घेतलेलं टपालही मागं जाऊ शकतं. म्हणून मी लपवलेलं धरते खरी, पण पूर्ण रीस्टोअर त्यासाठी वापरत नाही. मला या प्रोग्रॅममध्ये सगळ्यात आवडलेली गोष्ट इथं कामी येते: स्नॅपशॉट ही बंद पेटी नाही. यादीत एखाद्या तारखेवर टिचकी मारून ‘ब्राउझ’ म्हटलं की ते साधं फोल्डर म्हणून उघडतं. आत ‘लोकलहोस्ट’, त्यात ‘होम’, त्यात तुमचं नाव, आणि कंट्रोल-एच दाबलं की त्या दिवशीचं तुमचं सगळं झाकलेलं घर. हवी ती एक फाइल उचलायची, बाकी कशाला धक्का नाही.

याचा उपयोग गेल्या वर्षी झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये २२.२ आली, झारा. ती अपडेट मॅनेजरमधूनच येते, फार काही करावं लागत नाही, आणि तिनं काही बिघडवलंही नाही. बिघडवलं मी. नव्या आवृत्तीत काय काय आहे बघताना पट्टीच्या पसंतीच्या खिडकीत वजाबाकीचं चिन्ह दाबलं आणि विचारल्यावर ‘हो’ म्हटलं. पट्टी गेली. पण या वेळी घाम फुटला नाही. आदल्या रविवारचा स्नॅपशॉट उघडला. त्यातून पट्टीची नोंद असलेली एक छोटी फाइल घेतली आणि तिच्याबरोबर ‘पॅनल’ नावाचं शेजारच्या भागातलं फोल्डरही घेतलं. ते विसरायचं नाही, कारण बटणांची माहिती त्या फोल्डरात असते. नुसती नोंदीची फाइल आणली तर पट्टी येते पण तिच्यावरची बटणं मुकी असतात. लॉगआउट, काळा पडदा, दोन ओळी, परत आत. दहा मिनिटं. चहा ठेवला होता तो उतू जायच्या आत नाही, पण गार व्हायच्या आत नक्की.

जागेबद्दल लोक घाबरतात. पहिला स्नॅपशॉट मोठा असतो. पुढच्या प्रत्येक वेळी न बदललेल्या फाइली पुन्हा उतरवल्या जात नाहीत, जुन्याच प्रतीकडे बोट दाखवलं जातं, त्यामुळे नंतरचे स्नॅपशॉट फार जागा खात नाहीत. मी आठवड्याला एक असे तीन ठेवते. रोजचे किंवा तासातासाचे ठेवायची सोय आहे, मला गरज पडलेली नाही. साध्या पेन ड्राइव्हवर मात्र ते साठवता येत नाहीत. आपण फोटोबिटो ठेवतो त्या ड्राइव्हची मांडणी वेगळी असते. याला लिनक्सची मांडणी लागते, ईएक्सटी४ सारखी. मी बाहेरच्या डिस्कचा एक भाग तसा करून घेतला. मशीन सुरूच झालं नाही तर मिंटच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करून तिथूनही टाइमशिफ्ट चालवता येतं, हे ऐकून ठेवलं आहे आणि ते करायची वेळ न येवो.

तक्रार म्हणाल तर एकच. रीस्टोअरच्या शेवटच्या पडद्यावर, जिथं माणूस घाबरलेला असतो, तिथं मोठ्या अक्षरांत एक वाक्य हवं: तुमची पट्टी, तुमचा कळफलक आणि तुमचे शब्द यात नाहीत. बसवतानाच्या पानावर ते आहे, कबूल. पण बसवताना कोण वाचतं? पाचपैकी चार गुण देते. कापलेला एक त्या वाक्यासाठी, आणि त्यातला अर्धा खरं तर माझ्याच नावावर लिहायला हवा.

ज्यांना हे सगळं जड वाटत असेल त्यांनी निदान लिब्रेऑफिसचा शब्दकोश तरी वेगळा ठेवावा. टिंब-कॉन्फिग, त्यात लिब्रेऑफिस, त्यात ‘४’, त्यात ‘यूझर’, त्यात ‘वर्डबुक’. (आवृत्ती २४.२ झाली तरी फोल्डरचं नाव ४ च आहे, का ते विचारू नका, आपल्याकडेही पेठेची नावं बदलत नाहीत.) आतली फाइल साधी मजकुराची आहे, कुठल्याही साध्या संपादकात उघडते, ओळीला एक शब्द. मी ती महिन्यातून एकदा स्वतःलाच ईमेल करते. आपोआप दुरुस्तीची यादी शेजारच्याच ‘ऑटोकॉर’ फोल्डरात असते. मराठी कळफलकाची निवड मात्र अशी सरळ वाचता येत नाही. ती डीकॉन्फ नावाच्या एका ठाशीव फाइलीत असते, तिची मजकुरातली प्रत काढायची एका ओळीची आज्ञा भाच्यानं लिहून दिली आहे. ती मी वहीत उतरवून घेतली आहे, लाल शाईनं.

टिंबामागच्या त्या गर्दीत अजून एक फोल्डर पडून आहे: ‘कॉन्फिग-नवा’. दोन दिवस मी ज्या परक्या घरात राहिले, ते. भाचा म्हणतो पुसून टाक, जागा अडवतंय. आत पाहिलं तर त्या दोन दिवसांत घाईघाईनं पुन्हा शब्दकोशात घातलेले अकरा शब्द आहेत, त्यातला एक ‘कोथळीर’, आणि तो चुकीचा आहे. राहू दे म्हटलं.